मिथ्रास म्हणजे वैदिक मित्र नव्हे

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील रोमन साम्राज्यातल्या मिथ्रास-उपासनेवरचा लेख वाचला. मराठीत या विषयावर क्वचितच लिहिले जाते, म्हणून लेखाचा आनंद झाला. परंतु मिथ्रास हा रोमला पोहोचलेला ऋग्वेदातील मित्रच होय आणि नाताळ हा मुळात त्याचा जन्मदिवस, हे त्यातील दोन्ही निष्कर्ष पुराव्याला धरून नाहीत.

नावाचे नाते निःसंशय आहे. सूर्यनमस्कार घालताना आपण पहिले नाव मित्राचे घेतो, पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातील मिथ्र हा करारांचा रक्षक आहे, इ. स. पू. चौदाव्या शतकातील हित्ती आणि मितान्नी या पश्चिम आशियातील राज्यांच्या तहात मित्र साक्षीला आहे आणि पारशी अग्यारीला दर-ए-मेहर म्हणतात तेही त्याच नावावरून. पण नाव दूरवर गेले म्हणजे उपासनाही जशीच्या तशी तिथे गेली, असे होत नाही. मिथ्रासच्या मंदिरांत मध्यवर्ती असलेल्या शिल्पात इराणी टोपी घातलेला देव बैलाच्या पाठीवर गुडघा रोवून त्याच्या मानेजवळ सुरा खुपसतो, कुत्रा आणि साप रक्ताकडे झेपावतात आणि विंचू खाली नांगी रोखून असतो. ऋग्वेदातील मित्रसूक्तात हा प्रसंग नाही. अवेस्तेतला मिथ्रही बैल मारत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेल्जियन अभ्यासक फ्रांझ क्यूमों यांनी ही उपासना म्हणजे इराणी धर्माचेच रोमन रूप असे मांडले होते, मात्र 1971 मध्ये मँचेस्टरला भरलेल्या मिथ्रास-अभ्यासाच्या परिषदेपासून अभ्यासक त्या मताकडे चिकित्सकपणे पाहू लागले.

खरे तर रोमन लोकांनी जे घडवले, ते स्वतंत्रपणे पाहण्याजोगे आहे. गुहेसारख्या, बहुधा अंधाऱ्या, लहानशा खोलीत दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर टेकून मोजकेच सभासद एकत्र जेवत. त्यांत सैनिक होते, जकात खात्यातील गुलाम होते, मुक्त केलेले दासही होते. स्त्रियांना प्रवेश असल्याचा भक्कम पुरावा मात्र मिळालेला नाही. कावळ्यापासून ‘पित्या’पर्यंत दीक्षेच्या सात पायऱ्या होत्या. रोमपासून उत्तर इंग्लंडमधील हेड्रियनच्या भिंतीपर्यंत ज्यांची मंदिरे सापडतात, त्या या लोकांचा एकही धर्मग्रंथ उरलेला नाही, आणि म्हणूनच त्यांच्याविषयी लिहिताना दगड, शिलालेख आणि जेवणातली कोंबड्यांची हाडे यांच्या पलीकडे जाताना फार जपावे लागते. 308 साली आजच्या ऑस्ट्रियातील कार्नुंटुम येथे जमलेल्या सम्राटांनी तिथल्या मिथ्रास-मंदिराचा जीर्णोद्धार करून मिथ्रासला आपल्या साम्राज्याचा पाठीराखा म्हटले, इतकी त्याची प्रतिष्ठा होती.

25 डिसेंबरबद्दल थोडक्यात. 354 सालच्या रोमन पंचांगात त्या दिवशी ‘अजिंक्या’चा जन्म नोंदलेला आहे आणि ती नोंद सामान्यतः सूर्यदेवाची समजली जाते. मिथ्रासलाही ‘अजिंक्य सूर्य’ म्हणत, त्यातून हा घोटाळा झाला. पण त्याचा जन्म त्या तारखेला साजरा होत असल्याचे कोणताही प्राचीन लेखक सांगत नाही. शिल्पांत तो कुमारीच्या नव्हे, खडकाच्या पोटातून जन्मतो.

या विषयावर पुढचा लेख छापाल, तेव्हा रोमचे प्राचीन बंदर असलेल्या ओस्तिया येथील फेलिचिसिमुसच्या मंदिरातील मोझेकचे छायाचित्र अवश्य द्यावे. त्यात सातही पायऱ्यांची चिन्हे जमिनीवर एकापुढे एक मांडलेली आहेत.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, पुणे