अंक पहिला, पण गोष्ट कितवी?

(सप्टेंबर २०११)

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अमेरिकेतील डीसी कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेने बुधवार, ७ सप्टेंबर २०११ रोजी एकाच दिवशी १३ मालिकांचे पहिले अंक विक्रीला आणले. ३१ ऑगस्टला ‘जस्टिस लीग’ या सुपरहिरोंच्या संघाच्या मालिकेने या उपक्रमाची सुरुवात झाली होती आणि सप्टेंबर संपेपर्यंत अशा एकूण ५२ मालिका नव्याने सुरू होणार आहेत. याविषयी जी काही चर्चा कानावर येते, ती मुख्यतः सुपरमॅनच्या बदललेल्या पोशाखाची असते. त्या अंकांमध्ये आहे काय, हे फारसे कोणी बोलत नाही. गणपतीच्या धामधुमीत रात्री जागून मी हे तेराही अंक वाचून काढले, म्हणून हा पत्रप्रपंच.

आमच्या पिढीला सुपरहिरो भेटला तो इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाच्या रूपाने. पुढे फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर अमेरिकन कॉमिकचे जुने, सुटे अंक मिळत. त्यांतला चौथा अंक हाती लागला तर पाचवा कधीच सापडत नसे, आणि गोष्टीचा शेवट आपणच मनाशी रचायचा असे. आता ही संस्था आपल्या सर्व मालिका दुकानांत येतात त्याच दिवशी संगणकावरही विकत देऊ लागली आहे. या सप्टेंबर २०११मध्ये बहुतेक अंकांची किंमत २.९९ डॉलर, म्हणजे सुमारे १४० रुपये आहे. वीस पानांच्या गोष्टीला ही रक्कम थोडी नाही, परंतु डोंबिवलीत बसून एखादे कॉमिक ते निघाले त्याच दिवशी वाचायला मिळेल, असे मला कधी वाटले नव्हते.

आता तक्रारीचा मुद्दा. ‘ॲक्शन कॉमिक्स’ हे मासिक १९३८ साली सुपरमॅनला घेऊन सुरू झाले आणि त्याचा क्रमांक ९०४ पर्यंत पोहोचला होता. ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ त्याच्याही एक वर्ष आधीचे असून, २७व्या अंकात बॅटमॅनला जन्म देणाऱ्या या मासिकाचा क्रमांक ८८१ झाला होता. या दोन्ही मासिकांवर आता ‘अंक १’ असे छापले आहे. आपल्याकडे एखादे मासिक मुखपृष्ठावर ‘वर्ष साठावे’ असे अभिमानाने छापते, आणि उद्या त्याच्या संपादकांनी नवे वाचक मिळवण्यासाठी ते खोडून ‘वर्ष पहिले’ केले, तर वर्गणीदार त्यांना धारेवर धरतील. पहिला क्रमांक लावायचा असेल, तर त्या अंकात खरोखरच काहीतरी सुरू झाले पाहिजे. या कसोटीवर तेरांपैकी मोजकेच अंक उतरतात.

त्यांत मी सर्वांत वर ठेवीन तो जेफ लेमायर यांनी लिहिलेला आणि ट्रॅव्हल फोरमन यांनी चितारलेला ‘ॲनिमल मॅन’. कोणत्याही प्राण्याची शक्ती उसनी घेऊ शकणारा हा नायक, बडी बेकर, मुळात सिनेमात जोखमीची कामे करणारा माणूस आहे. त्याला बायको आहे, दोन मुले आहेत आणि धाकट्या मुलीने पाळीव प्राण्याचा हट्ट धरला आहे. पहिलेच पान म्हणजे त्याची छापील मुलाखत आहे. चित्रांच्या माध्यमात गद्याने सुरुवात करण्याचे हे धाडस मला आवडले, कारण त्या एका पानात पात्राचा सारा पूर्वेतिहास येऊन जातो आणि गोष्ट थेट स्वयंपाकघरात सुरू होते. मुलीच्या मृत्यूने भ्रमिष्ट झालेला एक बाप इस्पितळात लोकांना ओलीस धरतो, तेथे बडी धावून जातो. मारामारी दोन-तीन पानांत आटोपते, परंतु त्या बापाचे दुःख अंकाच्या शेवटापर्यंत मागे रेंगाळत राहते. नंतर येणारे दुःस्वप्न केवळ काळ्या, पांढऱ्या आणि लाल रंगांत आहे. फोरमन यांची रेषा काही ठिकाणी बारीक आणि अपुरी वाटते, हे मान्य. या पानांवर मात्र तीच रेषा अंगावर काटा आणते. शेवटचे पान मी सांगणार नाही. घराच्या मागच्या अंगणात घडणारा तो प्रसंग वाचकाने स्वतःच पाहावा.

स्कॉट स्नायडर आणि यानिक पॅकेट यांचा ‘स्वॅम्प थिंग’ हा त्याचाच जोडीदार म्हणावा असा अंक आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ ॲलेक हॉलंड आपले शास्त्र सोडून लुइझियानात बांधकामावर मजुरी करतो आहे, आणि दुसरीकडे पक्षी, वटवाघळे, मासे थव्यांनी मरून पडत आहेत. वनस्पतींचे जग शांत नसून आतून हिंस्र आहे, हे हॉलंडच्या तोंडून येते तेव्हा हा अंक नुसता भयकथेचा राहत नाही.

‘ॲक्शन कॉमिक्स’चा क्रमांक पुसला गेला, पण लेखक ग्रँट मॉरिसन यांनी १९३८ चा सुपरमॅन परत आणला, हे त्यांचे चातुर्य आहे. जीनची पँट, टी-शर्ट आणि खांद्यावर लाल वस्त्र एवढ्यावर वावरणारा हा तरुण अजून उडत नाही, उंच उड्या मारतो. भाड्याच्या खोलीत राहतो आणि भ्रष्ट धनाढ्याला सज्जावरून लोंबकळत ठेवून त्याच्याकडून गुन्ह्याची कबुली घेतो. चाळीसारख्या इमारतीतले सामान्य रहिवासी त्याच्या बाजूने फौजेसमोर उभे राहतात, तो प्रसंग रॅग्ज मोरालेस यांनी छान रंगवला आहे.

‘बॅटगर्ल’विषयी लिहिणे मला अवघड जाते. १९८८ सालच्या गोष्टीत बॅटमॅनचा वैरी जोकर याच्या गोळीने बॅटगर्ल, म्हणजेच बार्बरा गॉर्डन, कमरेखाली पांगळी झाली आणि पुढल्याच वर्षी, किम येल व जॉन ऑस्ट्रँडर यांच्या लेखणीतून, ती चाकाच्या खुर्चीत बसून साऱ्या नायकांना माहिती पुरवणारी ‘ऑरॅकल’ म्हणून उभी राहिली. दोन दशकांहून अधिक काळ या विश्वात अपंग स्त्रीचे इतके समर्थ पात्र दुसरे नव्हते. नव्या अंकात ती पुन्हा धावते आहे. तीन वर्षे खुर्चीत काढली आणि मग चमत्कार झाला, एवढेच आपल्याला सांगितले जाते. हा अंक लिहिणाऱ्या गेल सिमोन या जाणकार लेखिका आहेत. बार्बराची भीती, रात्रीची स्वप्ने आणि बंदूक रोखली जाताच तिचे जागच्या जागी गोठून जाणे हे त्यांनी मनापासून लिहिले आहे. इंडोनेशियाचे चित्रकार अर्दियन स्याफ यांची चित्रेही स्वच्छ आहेत. तरीही, ज्यांना बार्बरात स्वतःचे प्रतिबिंब दिसत होते त्या वाचकांकडून ते काढून घेतले गेले आणि बदल्यात कारणही दिले गेले नाही, ही बोच राहतेच.

टोनी डॅनियल यांच्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ने माझी निराशा केली. शेवटच्या पानावर जोकरचा सोललेला चेहरा भिंतीला टांगून वाचकाला दचकवता येते, परंतु गुप्तहेराचे नाव लावणाऱ्या मासिकात तपास नावालाच असावा, हे बरे नव्हे. ‘हॉक अँड डव्ह’मध्ये चित्रकार रॉब लिफेल्ड यांची माणसे नेहमीप्रमाणे दात-ओठ खाऊन उभी आहेत. बॅटमॅनच्या आफ्रिकेतील साथीदाराच्या ‘बॅटविंग’ची बेन ऑलिव्हर यांनी काढलेली चित्रे देखणी आहेत, मात्र काँगोमध्ये घडणारी गोष्ट कोयत्यांच्या रक्तपातापलीकडे गेली तर बरे. जुन्या पिढीतले कॉमिक चित्रकार जॅक कर्बी यांच्या धाटणीवर बेतलेला ‘ओमॅक’ मात्र मजेत वाचला. त्यात डोके चालवावे लागत नाही आणि तो तसे सोंगही आणत नाही. उरलेल्या अंकांविषयी लिहावे असे काही सापडले नाही.

पुढील महिन्यात या तेरांपैकी चारच मालिकांचे दुसरे अंक मी विकत घेणार आहे: ‘ॲनिमल मॅन’, ‘स्वॅम्प थिंग’, ‘ॲक्शन कॉमिक्स’ आणि, त्या चमत्काराचा खुलासा होतो की नाही ते पाहण्यासाठी, ‘बॅटगर्ल’. त्याआधी १४ सप्टेंबरला जे. एच. विल्यम्स यांचा ‘बॅटवुमन’ येतो आहे. त्याच्यासाठी १४० रुपये मी आताच बाजूला काढून ठेवले आहेत.

आपला,
एक नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)