गाद्या गोळा करा, पण उसवायची जागा आधी ठरवा

संपादक महोदय,

घट बसायच्या आधी घर धुऊन काढायची आपल्याकडची रीत. गोधड्या-चादरी धुऊन गच्चीवर पडतात आणि त्याच आठवड्यात सोसायट्यांच्या कचराकुंडीशेजारी जुन्या गाद्या भिंतीला टेकून उभ्या राहू लागतात. हे दिवाळीपर्यंत चालते. याच सुमारास पुण्यात प्रभागाप्रभागांत ‘जुने कपडे, गाद्या आणून द्या’ असे फलक लागतात. फलकावर तारीख, वेळ आणि ठिकाण असते. जमलेला माल दुसऱ्या दिवशी कुठे जाणार, हे मात्र बऱ्याचदा आयोजकांनाही ठाऊक नसते. यंदाच्या मोहिमा ठरण्याआधी काही गोष्टी सांगाव्यात म्हणून हे पत्र.

गोळा करणे हा या कामातला सोपा भाग. कपड्यांची निवडणी आणि गादीची उसवणी, खरी मेहनत तिथे आहे, आणि नेमकी तिचीच तजवीज कुणी करत नाही.

कपड्यांची पिशवी टेबलावर उपडी केली की तीन ढीग पडतात. पहिला, जसाच्या तसा अंगावर घालता येईल असा. त्यात साडीबरोबर परकर-ब्लाउज, कुर्त्याबरोबर सलवार-ओढणी आणि नाडीने एकत्र बांधलेले दोन्ही बूट असतील तरच माल पुढे जातो. कुर्ता एका गोणीत आणि सलवार दुसऱ्या गोणीत गेली की दोन्हींची चिंधी. हे काम देणाऱ्याने घरीच करावे, कारण चारशे किलोंच्या ढिगात जोडी शोधत बसायला कुणाला वेळ नसतो. ‘गूंज’सारख्या संस्था असे निवडलेले कपडे घेतात आणि सुती कापडापासून धुऊन वापरायचे पॅडही बनवतात.

दुसरा ढीग सुती चिंधीचा, म्हणजे पुसणीचा. गॅरेज, छापखाने, भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये तेल पुसायला ही लागतेच. बनियन, टी-शर्ट, धुऊन धुऊन मऊ पडलेल्या चादरी आणि टॉवेल यांना इथे मागणी असते. फूट-दीड फुटाचे तुकडे करावेत, बटणे, हूक, चेन आणि जर काढून टाकावी. हूक राहिला तर यंत्राच्या घासून गुळगुळीत केलेल्या भागावर ओरखडा उठतो. पॉलिस्टर सुतीसारखे तेल टिपत नाही, पसरवते. चार तुकडे तसले निघाले तरी घेणारा अख्खी गोणी परत करतो. शंका आली तर शिवणीच्या आतला एक धागा काढून जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही तसाच आणि राख बोटात मऊ लागते. पॉलिस्टर आक्रसून वितळते आणि टोकाला कडक काळा मणी धरते. टेरिकॉटमध्ये दोन्ही थोडे थोडे दिसते. ते पुसणीत घालू नये. (ही परीक्षा मालाच्या ढिगाजवळ करू नये, हे सांगायला नको, पण सांगावे लागते.)

तिसरा ढीग उरलेल्याचा. लोकरी आणि ॲक्रिलिक स्वेटर पानिपतला जातात. तिथे रंगावार निवडून, फाडून, पुन्हा सूत काढून त्यांची ब्लँकेटे होतात. पण एका प्रभागाच्या पाच-सहा गोण्यांसाठी कुणी ट्रक लावत नाही. त्यामुळे हा माल कोरड्या जागी साठवून, चार-पाच प्रभागांचा मिळून पाठवावा लागतो. सुटे मोजे, अंतर्वस्त्रे, फाटके रेनकोट यांना घेणारा नाही, आणि फलकावर तसे लिहायला लाजू नये.

जुन्या सुती साड्यांचा सर्वांत चांगला उपयोग अजूनही गोधडीच. हिशेब सोपा आहे. पाचवारी साडी साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट. ६-६ फुटांवर घडी घातली की तीन थर होतात आणि रुंदी मिळते पावणेचार फूट. दोन साड्या आत घातल्या की सहा थर. तिसरीचे १२ फूट वरच्या-खालच्या अंगाला जातात आणि उरलेल्या ६ फुटांतून कडेची पट्टी व ठिगळे निघतात. नऊवारी लुगडे मिळाले तर एकातच चार थर. धावदोऱ्याच्या ओळी दोन बोटांच्या अंतराने घ्याव्यात. जरीचा काठ आधी उसवावा, सुई मोडते आणि पांघरताना टोचते. जॉर्जेट किंवा नायलॉनची साडी आत घातली की थर सरकतात आणि दोन धुण्यांत गोधडीच्या एका कोपऱ्यात गोळा होतो. बचत गटाला साड्या देताना सुती आणि सिंथेटिक वेगळ्या करून द्याव्यात. ते वेगळे करण्याची मजुरी गटाच्या गळ्यात पडता कामा नये.

इथे बोहारणीची आठवण काढलीच पाहिजे. जुन्या कपड्यांवर भांडे देणारी ही बाई निवडणी, भाव आणि वाहतूक, तिन्ही एकटी सांभाळत असे, आणि साडीचा पोत हाताला लागताच तिला माल कळे. आपण फाटकावर ‘फेरीवाल्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी लावली आणि आत ‘शून्य कचरा’ शिबिर भरवतो. मोहिमेच्या दिवशी तरी त्या बायकांना निवडणीच्या टेबलावर मजुरी देऊन बोलवावे.

आता गादी. कचरा दाबून नेणाऱ्या गाडीत ती गेली की ओल्या कचऱ्याचे पाणी पिऊन बसते आणि तिच्यातले काहीच पुन्हा हाती लागत नाही. प्रक्रिया केंद्रात तुकडे करणाऱ्या यंत्राच्या दांड्याभोवती कापड गुंडाळले जाते, स्प्रिंग दात्यांत अडकते आणि यंत्र थांबते. म्हणून गादी कचऱ्यात जाण्याआधीच उघडायला हवी.

कापसाची गादी सगळ्यांत सोयीची. ६ बाय ३ फुटांच्या गादीत साधारण १० ते १२ किलो कापूस असतो. आधी कोपऱ्याची शिवण दोन-तीन इंच उसवून चिमूटभर कापूस बाहेर ओढावा. पांढरा किंवा पिवळट, ओढताना तंतू लांबत जाणारा असेल तर तो पुन्हा पिंजता येतो. लाल-निळे ठिपके असलेला करडा भुगा निघाला, तर ती कापडाच्या चिंध्या फाडून भरलेली स्वस्तातली गादी. तिचे तंतू आधीच तुटलेले असतात आणि पिंजण यंत्रात त्यांची धूळ होते. असा भुगा फार तर बसायच्या आसनांत भरावा. चांगला कापूस दोन उन्हे दाखवून, हाताने मोकळा करून मगच पिंजाऱ्याकडे द्यावा. मोकळा करण्याची पायरी कंटाळवाणी आहे, पण ती गाळू नये. जुन्या गादीत टाचण्या, केसांचे आकडे, मोडक्या दाभणाची टोके, कधी नाणीही निघतात. लोखंडाचा तुकडा यंत्राच्या दात्यांवर आदळला की ठिणगी उडते, आणि पिंजलेल्या कापसाला तेवढी पुरते. दहा किलोंमागे किलोभर घट धरावी आणि तेवढा नवा कापूस मिसळावा. नाका-तोंडावर मास्क हवाच. ही धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की दमा परवडला असे होते.

फोमच्या गादीची खोळ मगजीच्या कडेने कापून काढावी आणि फोम कोरडा ठेवावा. कोरडा फोम तुकडे करून, चिकटवून आणि दाबून पुन्हा ठोकळे करण्यासाठी जातो. बाजारात बाँडेड फोम मिळतो तो हाच. भिजलेला फोम घेत नाहीत, कारण वजन पाण्याचे भरते आणि आत बुरशी धरते. पिवळा पडून बोटाने दाबताच भुगा होणारा फोमही परत येतो. साठवताना एक पथ्य कडक पाळावे लागते: जवळपास विडी-काडी, वेल्डिंग, उघडी वायर नको. फोम झपाट्याने पेटतो आणि त्याचा धूर जीवघेणा असतो. म्हणून पाच-सहा दिवसांपेक्षा जास्त साठा करू नये.

काथ्याची गादी ही डोकेदुखी. रबराचा चीक मारून घट्ट केलेला काथ्या पिंजता येत नाही, लवकर कुजतही नाही. पट्ट्या कापून रोपवाटिकेत कुंड्यांच्या तळाशी घालता येतात, पण सगळा माल तिथे खपत नाही. वर फोम चिकटवलेला असेल तर एका कडेपासून हाताने सोलावा; पात्याने कापायला गेले की दोन्ही खराब होतात.

स्प्रिंगच्या गादीत लोखंड चांगले निघते, मोठ्या गादीत दहा किलोंच्या आसपास. खोळ, फोम, नमदा असे थर काढले की खाली जाळीला लोखंडी आकड्यांनी अडकवलेला थर लागतो. ते आकडे पकडीने एकेक तोडायचे. डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड मोजे नसतील तर हे काम हाती घेऊ नये, ताणलेली तार उसळते. साध्या जोडस्प्रिंगची जाळी दोघांना अर्ध्या तासात मोकळी करता येते. प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या पिशवीत शिवलेली असेल तर मात्र तासभर जातो, आणि कापड लागलेल्या मालाला भंगारवाला भाव पाडतो. दोन्ही प्रकार नोंदवहीत वेगळे लिहावेत, नाहीतर मजुरीचा अंदाज चुकतो.

ढेकणांची तपासणी गादी उचलण्याआधी, घरातच व्हावी. शिवणीच्या पन्हळीत काळे ठिपके दिसले तर गादी तिथेच प्लॅस्टिकमध्ये पूर्ण गुंडाळून, खूण करून वेगळी न्यावी. एक गादी चुकून आत आली की शेजारच्या कपड्यांच्या गोण्याही गेल्या.

हे सगळे प्रभागातच का करायचे, याचे उत्तर टेम्पोत आहे. ‘छोटा हत्ती’ पाऊण टन वाहतो. पूर्ण गाद्या रचल्या तर सात-आठांतच तो भरतो आणि वजन पावणेदोनशे किलोसुद्धा होत नाही. म्हणजे भाडे हवेचे भरायचे. त्याच गाद्या उसवून कापूस गोणीत, लोखंड बांधून आणि फोम दाबून दोरीने आवळून दिला तर एका फेरीत दुप्पट-तिप्पट गाद्यांचा माल जातो, तोही ज्याच्या त्याच्याकडे थेट.

पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ‘व्ही-कलेक्ट’ मोहिमांतून जुने कपडे, गाद्या, फर्निचर, ई-कचरा घेतला जातो. हात तयार आहेत, त्यांना जागा हवी. महापालिकेने प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत एखाद्या आरोग्य कोठीला (सफाई कामगारांच्या हजेरीच्या ठिकाणाला) लागून ४००-५०० चौरस फुटांची, छप्पर आणि फरशी असलेली जागा नवरात्र ते दिवाळी एवढ्यापुरती द्यावी. दोन टेबले, एक वजनकाटा, ताडपत्री, आग विझवायचे यंत्र आणि तीन माणसांची रोजची मजुरी, एवढेच लागते. मजुरी म्हटले की ‘स्वयंसेवक करतील’ असे उत्तर येते. पहिल्या रविवारी वीस येतात, तिसऱ्या रविवारी दोन, आणि गाद्या तिसऱ्या रविवारीच जास्त येतात.

पैसा कुठून? गादी देणाऱ्याकडून १०० ते २०० रुपये घ्यावेत, कापसाची असेल तर घेऊ नयेत. हे तात्पुरते. प्लॅस्टिक, ई-कचरा, बॅटरी, टायर यांच्या विल्हेवाटीची जबाबदारी आपल्या कायद्याने उत्पादकावर टाकली आहे, गादीची टाकलेली नाही. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याने २०१३ मध्ये कायदा करून नवी गादी विकतानाच हे शुल्क घेण्याची सोय केली. आपल्याकडे ‘जुनी गादी द्या, सूट मिळवा’ म्हणणाऱ्या दुकानदाराला ती जुनी गादी पुढे कुठे जाते, एवढे तरी ग्राहकाने विचारावे.

पुरानंतरची गोष्ट थोडी वेगळी. २०१९ आणि २०२१ मध्ये सांगली-कोल्हापूरने भिजलेल्या गाद्यांचे ढीग पाहिले आहेत. कापसाची गादी दोन दिवसांच्या आत उसवून पसरली तर कापूस वाचू शकतो; गटाराचे पाणी प्यालेला फोम टाकूनच द्यावा लागतो. आणि अशा वेळी शहरातून न निवडलेल्या जुन्या कपड्यांचे ट्रक पाठवू नयेत. तिथल्या लोकांना कोऱ्या चादरी आणि सतरंज्या लागतात, आपले कपडे निवडत बसायचे काम नव्हे.

मोहिमेच्या फलकावर तारखेखाली चार ओळी वाढवाव्यात: कोणत्या गाद्या घेणार, कोणत्या नाही, कपडे धुऊन, वाळवून, जोड्या बांधून आणावेत, गादीचे शुल्क किती, आणि पाऊस असल्यास मोहीम पुढच्या रविवारी. परतीचा पाऊस नेमका याच दिवसांत गाठतो. मैदानात ताडपत्रीखाली रचलेल्या पन्नास गाद्या एका सरीत भिजल्या, की त्या उचलायला दुसऱ्या दिवशी कचऱ्याचीच गाडी बोलवावी लागते.

आपले,
वस्त्र आणि गादी संकलनाचे काम करणारे कार्यकर्ते, पुणे