संगणकावरचा पूल आणि वहीतले भाकीत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

१५ सप्टेंबरचा अभियंता दिन आला की शाळाशाळांतून सर विश्वेश्वरय्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, दोन भाषणे होतात आणि तिसऱ्या तासापासून नेहमीचे वेळापत्रक सुरू होते. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ मध्ये त्यांनी बसवलेल्या स्वयंचलित दरवाजांचा उल्लेख एखादा वक्ता करतोही. परंतु ते दरवाजे आपोआप उघडत कसे, असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला नोकरीच्या काळात फार क्वचित भेटला, आणि त्याचा दोष मी विद्यार्थ्यांना देत नाही. रचना करणे, ती मोडणे आणि का मोडली याचा शोध घेणे हे काम आपण शाळेत त्यांना कधी देतच नाही. निवृत्तीपूर्वीची शेवटची चार वर्षे मी नववीच्या मुलांकडून संगणकावर पूल बांधून घेतले. अशा आज्ञावल्या (सॉफ्टवेअर) शाळांत आणाव्यात, मात्र त्या कशा वापरायच्या याचा एक साधा नियम ठरवूनच आणाव्यात, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

आम्ही वापरली ती ‘ब्रिज डिझायनर’ ही आज्ञावली मूळची अमेरिकेतील वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीची. तेथे स्थापत्य अभियांत्रिकी शिकवणारे कर्नल स्टीफन रेसलर यांनी ती तयार केली आणि अकादमीच्या द्विशताब्दीच्या निमित्ताने २००२ मध्ये तिच्यावर आधारलेली शालेय स्पर्धा सुरू झाली. आज्ञावली विनामूल्य आहे, आणि एकदा उतरवून घेतली की तिला इंटरनेट लागत नाही, हे आमच्यासारख्या गावातल्या शाळेला फार सोयीचे पडले. पडद्यावर दोन काठ आणि मधला गाळा, म्हणजे मोकळे अंतर, दिसतो. विद्यार्थ्याने सांधे मांडायचे, ते काड्यांनी जोडून लोखंडी कैची, म्हणजे त्रिकोणांची चौकट, उभी करायची, प्रत्येक काडीचे पोलाद, जाडी आणि ती भरीव हवी की पोकळ नळी, हे ठरवायचे आणि मग चाचणीचे बटण दाबायचे. पुलावरून एक ट्रक जातो. ज्या काड्यांवर दाब येतो त्या लाल होतात, ज्या ताणल्या जातात त्या निळ्या होतात आणि एखादी कमजोर निघाली तर ट्रकसकट पूल खाली येतो. तो पडला की वर्गात जो हशा पिकतो, तेवढा माझ्या कोणत्याही विनोदाला पिकला नाही, हेही नमूद करायला हवे.

परंतु पूल टिकला म्हणून काम संपत नाही, कारण खर्चाचा आकडा सतत समोर असतो. पोलादाच्या वजनाचा खर्च, प्रत्येक सांध्याचा खर्च आणि जितक्या निरनिराळ्या मापांच्या काड्या वापराल तितका जास्तीचा खर्च, अशी त्याची मांडणी आहे. त्यामुळे प्रत्येक काडी अगदी गरजेपुरतीच बारीक करून पैसा वाचवू पाहणाऱ्याला मापांचे प्रकार वाढल्याचा भुर्दंड पडतो, आणि कारखान्यात ठरावीक मापांचा माल का वापरतात हे मुलांना न सांगता कळते. नळी भरीव काडीपेक्षा किलोमागे महाग असते. तरीही दाबाखालच्या लांब काड्यांना ती परवडते आणि ताणाखालच्या काड्यांना भरीव काडी पुरते. असे का, हा प्रश्न आला तेव्हा मी वर्गात खराटा आणला. त्यातला एक लांब हीर दोन बोटांत धरून दाबला की लगेच बाक येतो; तोच अर्धा मोडून दाबला तर कितीतरी जास्त जोर सोसतो; आणि ओढून तोडायचा म्हटले तर हात दुखतात. लांबी दुप्पट झाली की बाक न येता दाब सोसण्याची ताकद एक-चतुर्थांश उरते, हा गणितज्ञ ऑयलरचा अठराव्या शतकातला नियम नववीच्या पुस्तकात नाही, पण हिरावर तो नववीच्या मुलाला सहज पटतो.

जे पुस्तकात आहे तेही इथे निराळ्या प्रकाशात दिसते. भूमितीतली बाबाबा कसोटी मुले वर्षानुवर्षे पाठ म्हणतात. आइस्क्रीमच्या चार काड्या टाचण्यांनी जोडून केलेला चौकोन हाताने कलतो, त्यात एक तिरकी काडी घातली की तो हलत नाही, कारण तीन बाजू ठरल्या की त्रिकोणाला आकार बदलायची मोकळीकच उरत नाही. कसोटीचा हा अर्थ मला स्वतःला विद्यार्थिदशेत कोणी सांगितला नव्हता. सांध्यांच्या संख्येच्या दुपटीतून तीन वजा केले की साध्या कैचीला निदान किती काड्या लागतील ते कळते, हेही मुलांनी पडद्यावरचे पूल मोजून माझ्या आधी पडताळले.

आता नियमाविषयी. पहिल्या वर्षी माझ्या लक्षात आले की वर्गातला एक हुशार मुलगा सर्वांत स्वस्त पूल घेऊन आला आहे, परंतु त्याला त्यातल्या एकाही काडीचे कारण सांगता येत नाही. त्याने आधी सगळ्या काड्या जाड केल्या, पूल टिकल्यावर त्या एकेक करून बारीक करत नेल्या, पूल पडला की एक पायरी मागे घेतली. शंभरएक वेळा बटण दाबून त्याने जे मिळवले त्याला चिकाटी जरूर म्हणावे. ते शिकणे नव्हे. ‘संगणक आला की मुले डोके वापरत नाहीत’ असे म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढच्या वर्षापासून मी अट घातली, की चाचणीपूर्वी पूल वहीत पेन्सिलीने काढायचा, प्रत्येक काडीशेजारी ताण असेल तर ‘ता’ आणि दाब असेल तर ‘दा’ लिहायचे, कोणती काडी सर्वांत आधी मोडेल तिला फुली मारायची आणि मगच बटण दाबायचे. गुण पुलाच्या किमतीला नाहीत. भाकीत चुकल्यावर कारण शोधून लिहिलेल्या चार ओळींना आहेत.

या एका अटीने तासाचा नूर पालटला. मुले पडद्याऐवजी एकमेकांच्या वह्यांकडे पाहून वाद घालू लागली. पुलाच्या मध्याकडे खाली उतरणाऱ्या तिरक्या काड्या ताणाखाली असतात आणि त्यांचा कल उलटा केला की त्याच काड्या दाबाखाली येतात, हे एका मुलीने तीनदा चुकून स्वतः शोधले, आणि त्यानंतर रेल्वेचा लोखंडी पूल दिसला की ती मैत्रिणींना थांबवून काड्यांचा कल दाखवी.

आज्ञावलीला काय ठाऊक नाही, हेही शिकवण्याचाच भाग आहे. तिला तिचा ट्रक ठाऊक आहे. गंज, पूर, पायाखालून वाहून जाणारी माती आणि माणसांची झुंबड तिच्या हिशेबात नाही. आमची शाळा महाड तालुक्यातली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल पुरात गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या वाहून गेल्या, हे आमच्या मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. ‘सर, यात पूर कुठून सोडायचा?’ हा प्रश्न म्हणूनच दर वर्षी आला, आणि तसे बटण नाही, हेच त्याचे प्रामाणिक उत्तर होते.

गर्दीचा हिशेब मात्र आम्ही वर्गाबाहेर केला. रस्ते आणि पुलांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या संहितेत पादचाऱ्यांसाठी चौरस मीटरला ४०० किलो भार धरतात आणि यात्रा-जत्रांच्या ठिकाणी, जेथे गर्दी होणार हे उघड आहे, तेथे तो ५०० किलो धरायला सांगितले आहे. व्हरांड्यात खडूने एक मीटरचा चौकोन आखून त्यात आम्ही मुलांना उभे केले. नऊ जण कसेबसे मावले आणि त्यांच्या वजनांची बेरीज चारशेच्या आसपास आली. १५ जून २०२५ रोजी मावळात इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा लोखंडी पूल रविवारच्या पर्यटकांच्या गर्दीत कोसळून चार माणसे गेल्याची बातमी आली, तेव्हा मला तो खडूचा चौकोन आठवला. मी तोवर निवृत्त झालो होतो. पण त्या वर्गातल्या दोघांनी मला फोन करून त्याचीच आठवण काढली.

पुलाचे स्वतःचे वजन आज्ञावली आपणहून हिशेबात घेते, त्यामुळे मुलांना ते जाणवतच नाही. यासाठी मी कॅनडातल्या क्वेबेक पुलाची हकीकत सांगत असे. त्याचा मधला गाळा १,६०० फुटांवरून १,८०० फूट केला, परंतु वाढलेल्या वजनाचा हिशेब वेळीच नव्याने मांडला नाही. दाबाखालच्या काड्या आधी वाकू लागल्या आणि २९ ऑगस्ट १९०७ रोजी अर्धवट बांधलेला पूल ७५ कामगारांना घेऊन नदीत गेला. ज्यांनी तो आखला ते आपल्या काळातले नामांकित अभियंते होते. म्हणून आज्ञावलीने न विचारता जे गणित केले तेही एकदा हाताने करून पाहावे, असा माझा आग्रह असे, आणि तो मुलांना फारसा आवडत नसे.

या उपक्रमाला दहावीच्या वर्षाला हात लावावा लागत नाही. नववीत दिवाळीनंतरचे सहा-सात तास पुरतात, कारण गतीचे नियम आणि त्रिकोण हे दोन्ही पाठ तोवर झालेले असतात. अडचण आहे ती दुसरीच. अनेक शाळांत संगणक कक्षाला कुलूप असते आणि किल्ली ज्याच्याकडे असते त्याला संगणक बिघडण्याची भीती असते. आज्ञावलीतला मजकूर इंग्रजीत आहे, पण तो मोजक्या शब्दांचा आहे. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने त्याची एक पानाची मराठी शब्दसूची आणि शिक्षकांसाठी नमुना पाठ काढला, तरी बरेच काम होईल. तालुका विज्ञान प्रदर्शनात दर वर्षी काड्यांचे देखणे पूल येतात, त्यांतले काही पालकांनी केलेले असतात आणि त्यांवर वजन ठेवायला परीक्षकही धजावत नाहीत. तेथे प्रतिकृतीसोबत ‘ता’ आणि ‘दा’ लिहिलेला कागद मागावा आणि सगळ्यांसमोर वजन ठेवून पूल मोडेपर्यंत तपासावा, अशी सूचना शिक्षणाधिकाऱ्यांनी काढावी, ही माझी विनंती आहे.

मुलांच्या खाडाखोडीसकटच्या वह्यांपैकी काही मी जपून ठेवल्या आहेत. हा प्रयोग करू इच्छिणाऱ्या कोणाही शिक्षकाला त्या पाहायच्या असल्यास मी आनंदाने दाखवीन.

आपला,
एक निवृत्त गणित-विज्ञान शिक्षक,
ता. महाड, जि. रायगड