नेकार नदी आपोआप जहाजांची झाली नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दोन आठवड्यांपूर्वी तुमच्या रविवारच्या पुरवणीत जर्मनीतल्या नेकार नदीवर पानभर लेख होता. मी स्टुटगार्टजवळ एस्लिंगेनला राहते, नऊ वर्षं झाली, नदी घरापासून चालत दहा मिनिटांवर. आईने लेखाचा फोटो काढून व्हॉट्सॅपवर पाठवला तेव्हा खूप आनंद झाला, कारण आपल्या पेपरात ऱ्हाइन येते, डॅन्यूब येते, नेकारला कोण विचारतंय. हायडेलबर्गचा किल्ला, द्राक्षांचे मळे, सगळं छान लिहिलंय. पण त्यात एक वाक्य आहे की या नदीला मोठी जहाजं चालण्याजोगी नैसर्गिक खोली लाभली आहे, आणि एका फोटोखाली "नदीवरचे छोटेसे धरण" असं छापलंय. या दोन्ही गोष्टी चूक आहेत आणि त्या तशाच राहू नयेत असं मला मनापासून वाटतं म्हणून हे पत्र.

फोटोत दिसतंय ते लॉक आहे. भूगोलात पनामा कालव्याच्या धड्यात आपण जलपाश म्हणून शिकतो तेच, इकडे श्लॉयजं म्हणतात. मानहाइमला नेकार ऱ्हाइनला मिळते, तिथून वर प्लोखिंगेनपर्यंत साधारण २०० किलोमीटरमध्ये अशी २७ ठिकाणं आहेत, पहिलं फॉयडेनहाइम आणि शेवटचं डाइत्सिसाऊ. एवढ्या अंतरात जहाज जवळजवळ १६० मीटर वर चढतं, म्हणजे पन्नासएक मजली इमारतीएवढं. नदी आपली आपण हे करू देत नाही. मूळची नेकार उथळ, खडकाळ आणि चिडकी, उन्हाळ्यात गुडघाभर पाणी आणि पावसात एकदम अंगावर येणारी. आज तिच्यात बारा महिने २.८० मीटर खोलीचा जहाजमार्ग मिळतो तो या २७ पायऱ्यांमुळे, निसर्गाने दिलाय म्हणून नाही.

माझे बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, सगळी नोकरी कोल्हापूर-सांगलीकडे. गेल्या वर्षी ते इथे आले तेव्हा त्यांना म्युझियम नको होतं, राजवाडा नको होता, पहिल्याच दिवशी मी त्यांना लॉकवर नेलं आणि मग रोज सकाळी तेच मला घेऊन जायला लागले. पहिल्यांदा वाळूने भरलेलं एक लांबलचक जहाज खालून आत आलं, मागचे दरवाजे मिटले, आणि जहाज भिंतीच्या कडेने हळूहळू वर यायला लागलं, आवाज जवळजवळ नाहीच. बाबा इकडेतिकडे बघत होते, म्हणाले, "अगं पण पंप कुठाय?" पंप नाहीच बाबा. वरच्या अंगाचं पाणी झडपा उघडल्या की भिंतीच्या आतल्या मार्गांनी आपल्या वजनाने कोठ्यात, म्हणजे दोन दरवाजांमधल्या जागेत, शिरतं, जहाज वर येतं, आतली पातळी वरच्या नदीएवढी झाली की पुढचा दरवाजा उघडतो. खाली जायचं असेल तर पाणी खालच्या अंगाला सोडून द्यायचं. दोन पानी दरवाजे असतात ते मिटले की मधे वरच्या बाजूला टोक काढून उभे राहतात, पाणी जितकं जोरात दाबेल तितके एकमेकांना घट्ट चिकटतात. बाबांनी तिथेच खिशातली डायरी काढून गणित मांडलं, कोठा ११० मीटर लांब, १२ मीटर रुंद, उंचीचा फरक सरासरी सहा मीटर धरला तर एका खेपेला जवळपास ८० लाख लिटर पाणी. आणि ते सगळं वरून खाली फुकट येतंय, विजेचा खर्च फक्त दरवाजे आणि झडपा हलवण्यापुरता. ते कितीतरी वेळ नुसते त्या आकड्याकडे बघत होते.

मग त्यांनीच मला एक गोष्ट समजावली जी मला इतकी वर्षं इथे राहून नीट कळली नव्हती. म्हणाले हे धरण नव्हे, धरण पाणी साठवतं, हे आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या घराण्यातलं आहे, नदीच्या पात्रातच पाणी अडवून पातळी उचलायची, एकामागे एक बंधारे, एकाचं अडवलेलं पाणी त्याच्या वरच्या बंधाऱ्याच्या पायथ्यापर्यंत टेकतं. फरक एवढाच की आपण पिकासाठी अडवलं, यांनी जहाजासाठी. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी असतात, नदीवर बंधारा, बहुतेक ठिकाणी वीजघर, आणि जहाजांसाठी लॉक. बऱ्याच जागी तर लॉक नदीच्या मूळ पात्रात नाहीच, वेगळा कालवा खोदून त्यावर आहे, आणि नदीचं जुनं वळण बाजूला शांत पडून राहिलंय. लाडेनबुर्गकडे आणि प्लाइडेल्सहाइमला अशा जुन्या वळणांना आज संरक्षण आहे, पक्ष्यांसाठी. म्हणून नकाशात नेकार कुठे कुठे दुहेरी दिसते. तुमच्या लेखातल्या नकाशातही ती दोन ठिकाणी दुहेरी आहे पण का ते लिहिलेलं नाही.

आता इतिहासाबद्दल. लेखात चौदाव्या शतकातून एकदम क्रूझवर उडी आहे, मधलं सगळं गाळलंय आणि खरी गोष्ट तर मधेच आहे. १३३३ मध्ये सम्राटाने हाइलब्रॉन शहराला नेकारचं पाणी हवं तसं वळवायचा हक्क दिला, शहराने गिरण्यांसाठी बंधारे घातले आणि नदीतून सरळ जाणंच बंद झालं, माल तिथे उतरवायचा आणि पलीकडे परत चढवायचा. हे जवळजवळ पाचशे वर्षं! मग १८२१ मध्ये व्युर्टेम्बेर्गच्या राजा विल्हेल्मच्या काळात त्या बंधाऱ्यांना वळसा घालणारा छोटा कालवा झाला, त्यावर लॉक, तो विल्हेल्म्सकनाल आजही हाइलब्रॉनमध्ये बघता येतो. त्या काळात बोटी घोडे ओढायचे, काठाने चालत. १८७८ पासून मानहाइम ते हाइलब्रॉन नदीच्या तळाशी एक अखंड लोखंडी साखळी टाकली होती, वाफेची बोट ती साखळी पुढून उचलायची, स्वतःला तिच्यावर ओढत न्यायची आणि मागे परत पाण्यात सोडायची, पाठीमागे मालाच्या बोटींची माळ. लोक त्या बोटीला नेकारचं गाढव म्हणायचे, प्रेमाने. १९३५ मध्ये लॉक्सची साखळी हाइलब्रॉनपर्यंत पोचली आणि ती लोखंडी साखळी संपली.

हे सगळं काम हातात घ्यायला १९२१ मध्ये नेकार कंपनी स्थापन झाली, सरकारांची मिळून. पैसा कसा उभा केला ते बाबांना फार आवडलं: बंधाऱ्यांवर वीजघरं बांधायची, वीज विकायची आणि त्यातून जलमार्गाच्या बांधकामाचा भार उचलायचा. आणि त्याच्याही आधी, १९१६ मध्ये, उद्योगपती रॉबर्ट बॉश यांनी या जलमार्गासाठी १ कोटी ३० लाख मार्क दिले होते. युद्धाच्या ऑर्डरींमधून झालेला नफा त्यांना स्वतःकडे ठेवायचा नव्हता. पुढे महागाईत त्या पैशांचं पाणी झालं हे खरं. पण नाशिककरांना बॉश म्हटलं की सातपूरचा कारखाना आठवतो, त्यांना हेही कळलं तर किती बरं वाटेल.

आणि एक नाव तर यायलाच हवं होतं, ओटो हिर्श. स्टुटगार्टचे ज्यू वकील, पाण्याच्या कायद्यातले जाणकार, नेकार कंपनी उभी करण्यात आणि चालवण्यात त्यांचा मोठा हात होता. नाझी आल्यावर ते बर्लिनला जर्मनीतल्या ज्यूंच्या मध्यवर्ती संघटनेचं काम बघायला लागले, लोकांना देशाबाहेर सुखरूप काढण्यासाठी झटले, आणि स्वतः १९४१ च्या जूनमध्ये माउटहाउझेनच्या छळछावणीत मारले गेले. ज्या नदीसाठी एवढं केलं तिच्यातून स्टुटगार्टपर्यंत जहाज आलेलं त्यांनी पाहिलं नाही, ते यायला १९५८ उजाडलं, राष्ट्राध्यक्ष थिओडोर हॉइस यांनी बंदराचं उद्घाटन केलं. त्या बंदराजवळच्या पुलांना आज ओटो हिर्श यांचं नाव आहे. मी त्या पुलांवरून अनेक वर्षं गेले आणि नाव कोणाचं ते विचारलं नाही, कळलं तेव्हा रात्री झोप लागली नाही. लेखात किल्ल्याच्या राजपुत्रांची तीन नावं आहेत, एक नाव यांचंही असू द्या ना.

शेवटचा टप्पा प्लोखिंगेन, तिथलं बंदर १९६८ ला सुरू झालं. त्याच वर्षी मुंबई आणि स्टुटगार्ट ही भगिनी शहरं झाली, हा योगायोग तुमच्या मुंबईच्या वाचकांना सांगण्यासारखा आहे. खरं तर नदी प्लोखिंगेनला थांबवायची नव्हती, फिल्स नदीच्या खोऱ्यातून डोंगर चढून डॅन्यूबला जोडायची स्वप्नं होती, ती राहिली.

लेखात लिहिलंय की आता ही जहाजं फक्त पर्यटनापुरती उरली आहेत. असं नाहीये हो. हाइलब्रॉनच्या खाणीतलं मीठ, वाळू, खडी, भंगार, कंटेनर, अजूनही रोज जातात, एका मोठ्या जहाजात दोन हजार टनांच्या वर माल मावतो म्हणजे ऐंशीएक ट्रक रस्त्यावरून कमी. कोळसा कमी होतोय कारण इथली वीजकेंद्रं गॅसवर चाललीत, ते मान्य. पण २०१७ मध्ये ओब्रिगहाइमच्या बंद अणुवीजकेंद्रातलं वापरलेलं इंधन नेकारवेस्टहाइमला न्यायचं होतं तेव्हा रस्ता नाही, रेल्वे नाही, नदीच निवडली. पाच खेपांत १५ अवजड पिंपं सहा लॉक्समधून वर चढवली. त्याला विरोध झाला, पुलांवरून लटकून निदर्शनं झाली, त्यावर दोन मतं असू शकतात, पण एवढं जड आणि एवढं नाजूक ओझं ज्यावर सोपवलं ते नुसतं शोभेचं बांधकाम कसं असेल.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहितेय. ही लॉक्स म्हातारी झालीत. काहींना शंभर वर्षं होत आली, भिंतींचं काँक्रीट सुटतंय, दरवाजे झिजलेत. २००७ मध्ये केंद्र आणि राज्याने मिळून ठरवलं होतं की १३५ मीटरची आधुनिक जहाजं जातील एवढे कोठे लांब करायचे, पण वर्षं गेली, माणसं कमी, पैसा कमी, काम रेंगाळलं आणि शेवटी लांबी वाढवणं बाजूला ठेवून आधी आहे ते दुरुस्त करा यावर गाडी आली. इथल्या उद्योगांना ते आवडलेलं नाही आणि मला त्यांचं म्हणणं पटतं, कारण छोटी जहाजं आता नवीन फारशी बांधतच नाहीत. पण दुरुस्तीसुद्धा वेळेत झाली नाही तर काय होतं ते शेजारच्या मोझेल नदीने दाखवलंय. ८ डिसेंबर २०२४ ला म्यूडेन गावाच्या लॉकवर एक मालवाहू जहाज दरवाजावर आदळलं, दरवाजा गेला, तिथे कोठा एकच, त्यामुळे वरची अख्खी नदी बंद. सत्तरच्या आसपास जहाजं वर अडकली, जहाजावरच घर असलेली माणसं, नाताळ तोंडावर. मग तात्पुरत्या फळ्या क्रेनने बसवायच्या आणि काढायच्या असं करत एकेक जहाज कित्येक तास खर्चून खाली सोडलं. नवा दरवाजा बसून वाहतूक सुरू व्हायला फेब्रुवारी उजाडला. नेकारवर बहुतेक ठिकाणी जोड कोठे आहेत, एक बंद पडला तर दुसरा चालतो, हे तिचं नशीब. पण म्हणूनच दुरुस्ती पुढे ढकलायची सवय लागते, दुसरा आहे ना मग बघू. बाबा म्हणाले, कालव्याच्या दुरुस्तीचं पण आपल्याकडे हेच, नवीन कामाला नारळ फुटतो, जुन्याला तेलपाणी करायला कोणी येत नाही. हे म्हणताना त्यांचा चेहरा मी पाहिलाय, चाळीस वर्षं त्यांनी तेच तेलपाणी केलंय.

आधी प्रत्येक लॉकवर माणूस असायचा, काठावरच घर, खिडकीत फुलं. आता बरीच लॉक्स दूरच्या कंट्रोल रूममधून कॅमेऱ्यावर चालतात, जहाजाचा कॅप्टन रेडिओवर बोलतो आणि दरवाजे उघडतात. आमच्या इथे बाबांनी एक दिवस दुरुस्तीला आलेल्या दोघांना गाठलं, भाषा येत नाही तरी हातवारे करून विचारलं, दरवाजाच्या तळाशी रबर आहे की लाकूड. त्यांनी कुंपणाच्या आतूनच मोबाईलवर कोरड्या कोठ्याचे फोटो दाखवले, पाणी काढलेल्या कोठ्यात माणूस मुंगीएवढा दिसत होता. अर्धा तास तिघं बोलत होते.

तर माझी विनंती एवढीच, पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापा: नेकारची खोली नैसर्गिक नाही, आणि फोटोतलं ते धरण नसून लॉक आहे. जागा उरली तर ओटो हिर्श यांचं नाव. आणि इकडे फिरायला येणाऱ्यांना सांगा, क्रूझचं तिकीट काढलंत तरी लॉक आलं की आत जेवत बसू नका, वर डेकवर या, ओल्या भिंतीला हात लागेल इतकं जहाज जवळून जातं.

आपली,
एक वाचक
एस्लिंगेन, जर्मनी