नांदिवसे की नांदगाव

पुणे,
९ फेब्रुवारी

प्रिय कुंदा,

दिवाळीपासून मी तुला एक ओळही लिहिली नाही. तुझी दोन पत्रे माझ्या टेबलावर आहेत आणि ती पाहिली की अपराधी वाटते. खरे सांगायचे तर, जे सांगायचे ते टाळून बाकीचे काही लिहिणे मला जमेना, आणि ते नेमके तुलाच सांगायचे म्हटले की हात थांबत असे. माझा गुडघा तसाच आहे, साखर आटोक्यात आहे, पर्वतीच्या पायथ्यापर्यंत रोज जाऊन येते. प्रकृतीचे एवढे पुरे.

डिसेंबरात मॉरिशसहून एक मराठी कुटुंब आले होते. लहानथोर मिळून अकरा माणसे होती. एका प्रवास कंपनीने त्यांची दहा दिवसांची सहल आखली होती आणि पुण्यापासून रत्नागिरीपर्यंत माहिती सांगायला मला बोलावले होते. त्यांच्यासोबत एकोणऐंशी वर्षांच्या आजी होत्या आणि सगळी सहल त्यांच्यासाठीच होती. त्यांचे खापरपणजोबा १८५०च्या दशकात मुंबई बंदरातून गिरमिटावर, म्हणजे मळ्यावरच्या मजुरीच्या करारावर, गेले. त्या बेटावर १८३४पासून पुढे सुमारे पाच लाख माणसे हिंदुस्थानातून उसाच्या मळ्यांसाठी नेली गेली, हे तुला ठाऊक आहे. बिहारकडच्यांच्या मानाने आपली माणसे फार थोडी. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ती उतरत, तो आता आप्रवासी घाट म्हणून जपला आहे, आणि २००६ साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथल्या सोळा दगडी पायऱ्यांविषयी आजी अशा बोलत की जणू स्वतःच त्या चढून आल्या होत्या.

त्या माणसाचे नाव रामजी. आडनाव नोंदलेच नाही, त्यामुळे पुढच्या पिढ्यांना 'रामजी' हेच आडनाव लागले. तिकडे बहुतेकांचे असेच झाले आहे. म्हणजे आपल्याकडे गाव शोधण्याचा जो पहिला धागा, आडनाव आणि कुळ, तोच तुटलेला. हाती उरला तो मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या नोंदवहीतला एक उतारा: क्रमांक, नाव, वडिलांचे नाव, वय, उंची, कपाळावरचा व्रण, जिल्हा रत्नागिरी, आणि गावाच्या रकान्यात कुण्या कारकुनाच्या इंग्रजी हस्ताक्षरातले अर्धे खाल्लेले नाव. 'नांद' एवढे निर्विवाद लागते. पुढे एक गाठ आहे, तिच्याखाली शेपटीसारखी रेघ, आणि मग कागदच नाही. तालुक्याचा रकाना कोरा आहे.

तू लगेच म्हणशील की त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा बराचसा सिंधुदुर्गही येतो, कारण तो जिल्हा वेगळा झाला १९८१च्या महाराष्ट्र दिनी. मीही तेच म्हटले. कणकवलीजवळचे नांदगाव, संगमेश्वर तालुक्यातले नांदळज, चिपळूण तालुक्यातले नांदिवसे, अशी तीन नावे मी वहीत लिहून काढली आणि कंपनीला कळवले की एवढ्यावर निर्णय होत नाही. तोवर त्यांचा कार्यक्रम छापून झाला होता आणि पाचव्या दिवसापुढे 'मूळ गावाचे दर्शन' असे लिहिलेले होते. मुक्काम चिपळूणला ठरलेला होता. मला विचारले ते एवढेच, की या तिन्हींपैकी चिपळूणला जवळचे कोणते?

कुंदा, मी नांदिवसे सांगितले. ती शेपटी वरच्या ओळीतल्या अक्षराची खाली उतरलेली असावी, असे मी स्वतःला समजावले, आणि एकदा समजावल्यावर मला ती खरोखरच तशी दिसू लागली. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या मोडीच्या वर्गात आपण शेजारी बसायचो तेव्हा तू याच गोष्टीवरून माझ्याशी भांडली होतीस. त्या सातारकडच्या गृहस्थांच्या वंशावळीत मी पुसट अक्षर त्यांना हवे तसे लावून दिले, तेव्हा तू सर्वांसमोर म्हणालीस की जे कागदात नाही ते वाचायचा तुला अधिकार नाही. त्यानंतर चार महिने आपण एकमेकींशी बोललो नाही. सदाशिव पेठेतून घरी जाताना तू रस्त्याच्या एका कडेने चालायचीस आणि मी दुसऱ्या. तेव्हा मला तू कठोर वाटली होतीस, आणि तसे मी पुष्कळांना सांगितलेही. गेला महिनाभर तुझे ते वाक्य माझ्या कानांत आहे.

आम्ही कऱ्हाड-पाटणवरून कुंभार्ली घाटाने खाली उतरलो. घाटात आजींनी खिडकीची काच खाली करायला लावली आणि त्या सबंध वेळ हात बाहेर धरून बसल्या. गावात आम्ही येणार हे आधी कळवलेले होते, त्यामुळे देवळासमोर पन्नासेक माणसे जमली होती. गुरवाने ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घातले: सातासमुद्रापलीकडे गेलेले लेकरू आज घरी आले आहे, त्याला सांभाळून घे. सगळ्यांनी 'होय महाराजा' म्हटले आणि आजी तिथेच खाली बसल्या. मग एक वृद्ध गृहस्थ पुढे आले आणि म्हणाले की आमच्या भावकीतला एकजण फार पूर्वी बोटीवर गेला तो परत आला नाही, असे आम्ही लहानपणी ऐकले आहे. त्या क्षणी माझ्या मनातली शंका गेली. ती जायला नको होती, कारण बोटीवर गेलेला आणि न परतलेला माणूस कोकणातल्या कोणत्या गावात नाही?

त्या दिवशी हसूही पुष्कळ झाले. धाकटा पणतू आठ वर्षांचा आहे. घरात तिकडची क्रिओल भाषा बोलतो, पण गणपतीची आरती पहिल्यापासून शेवटपर्यंत बिनचूक म्हणतो, कारण तिकडे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि घरोघर आरत्या होतात. त्याला मी बसमध्ये एकच वाक्य शिकवले होते, 'तुम्ही माझ्या आजी का?' गावातल्या दिसेल त्या म्हातारीला तो ते विचारत सुटला आणि चौघींनी त्याला 'होय रे बाळा' म्हणून जवळ घेतले. जेवायला नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले आणि सोलकढी होती. त्यांच्यातल्या बायकांनी तिकडचा झाकरी नाच करून दाखवला, तेव्हा गावातली पोरे 'अरे, ही तर आपली जाखडी' म्हणून फेरात शिरली. निघताना आजींनी एका पडक्या घराच्या जोत्यातला जांभ्याचा तुकडा मागून घेतला आणि पदरात बांधला.

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशाच्या त्या राजाला इंग्रजांनी १८८६मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले आणि १९१६ साली तो तिथेच वारला, हे मी सांगत होते. सगळे फोटो काढत होते. आजी पायरीवर बसून होत्या. सुनेने खाऊन घ्यायचा आग्रह केला तेव्हा त्या म्हणाल्या, 'माका नको.'

'माका.' चिपळूणकडे 'मला' म्हणतात, कुंदा; 'माका-तुका' हे मालवणी बोलणे, कणकवली-कुडाळकडचे. मी तेव्हाच नव्हे, पुण्यातही ते ऐकले होते. पहिल्याच दिवशी नाश्त्याच्या वेळी मुले गप्पा मारत बसली तेव्हा आजी त्यांच्यावर रागावल्या आणि 'गजाली पुरे' म्हणाल्या, आणि मला तो शब्द इतका गोड वाटला की मी तो वहीत टिपूनही ठेवला. पण तो शब्दही मालवणीच, तिकडे माझे लक्ष गेले नाही. पायरीवर त्यांच्या शेजारी बसून मी विचारले की हे बोलणे घरात कोणाचे. त्या म्हणाल्या, 'वडिलांचे, त्यांच्या वडिलांचेही.' रामजीही वडिलांच्याच बाजूचा. त्या राजवाड्यापासून कणकवलीचे नांदगाव जेमतेम तीन तासांच्या वाटेवर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची मुंबईची गाडी होती. मी गप्प राहिले.

आता माझ्या बाजूनेही बोलते, कारण तू तेही ऐकून घेशील. खापरपणजोबा म्हटले तरी त्या पिढीत आठ पुरुष आणि आठ स्त्रिया असतात. 'माका' त्यांपैकी कुणाकडूनही आलेले असू शकते. वडिलांची आजी कुठली होती, हे आजींना माहीत नाही. शिवाय मळ्यावर शेजारी राहणाऱ्यांची बोली एकमेकांत मिसळली असणार. झाकरीकडे पाहिले तर ती चिपळूण-संगमेश्वराची खूण ठरते, कारण सिंधुदुर्गात नाव घ्यायचे ते दशावताराचे. पण झाकरी तिकडच्या सगळ्याच मराठी समाजाची आहे, तिच्यावरून एका घराचे गाव कसे ठरवणार? असे मी रात्र रात्र दोन्हीकडून मांडते, आणि प्रत्येक वेळी त्या शेपटीपाशी येऊन थांबते. नांदिवसे या नावाच्या इंग्रजी अक्षरांत खाली उतरणारी शेपटी कुठेच येत नाही. नांदगावात येते.

हे सगळे मी कदाचित मनातच ठेवले असते. पण गेल्या रविवारी त्यांच्याकडून छायाचित्र आले. मॉरिशसमधल्या व्हाकोआला त्यांनी नवीन घर बांधले आहे. फाटकाच्या खांबावर काळ्या दगडाची पाटी आहे, तिच्यावर देवनागरीत 'नांदिवसे' कोरले आहे आणि खाली तो जांभ्याचा तांबडा तुकडा बसवला आहे. तिकडचा दगड आपल्यासारखाच काळा, त्यामुळे तो तुकडा फार उठून दिसतो. आजी शेजारी उभ्या आहेत. सोबतच्या चिठ्ठीत नातवाने लिहिले आहे की आजी आता रोज सकाळी त्या पाटीवरून हात फिरवून मगच घरात जातात. गावाकडच्या त्या वृद्ध गृहस्थांनाही त्यांनी गणपतीसाठी पैसे पाठवले आणि पुढच्या वर्षी सगळ्यांनी शिमग्याला यायचे ठरवले आहे.

सांगू का त्यांना? सांगितले तर काय सांगू, की तुमचे गाव कदाचित दुसरे आहे आणि त्याचीही खात्री देता येत नाही? माझ्या मुलाचे म्हणणे असे की गावाने त्यांना आपले म्हटले आहे, आता कागद काय म्हणतो याला महत्त्व नाही. सून म्हणते, आजी आहेत तोवर काही बोलू नका. दोघांचेही मला पटत नाही. त्या बाईंनी सबंध आयुष्य एका खऱ्या गावाची वाट पाहिली आणि मी त्यांना सोयीचे गाव दिले. शिवाय नांदगावात कदाचित खरोखरच एखादी भावकी असेल, तिच्या देवापुढे त्यांच्या नावाचे गाऱ्हाणे घालायचे राहूनच गेले असेल. हे कोणाला बोलून दाखवले तर लोकांना ते किरकोळ वाटते. तुला तसे वाटणार नाही हे मला ठाऊक आहे.

तुझ्या नातीचे बारसे झाल्याचे कळले, नाव फार छान ठेवले आहे. मी तिच्यासाठी दुपटे शिवते आहे. बंगळुरूची हवा तुला मानवली हे वाचून बरे वाटले. भाऊजींना नमस्कार सांग, त्यांच्या कानाच्या यंत्राचे काय झाले तेही कळव.

तुझ्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन दोन महिने झाले, तेव्हा आता नीट दिसत असेल. नोंदीची मोठी केलेली प्रत सोबत ठेवली आहे. तिच्यावर मी काहीही खूण केलेली नाही. वरची ओळ आणि ही ओळ दोन्ही पाहा, आणि ती शेपटी कोणत्या ओळीची आहे ते मला लिही. वाचता येत नसेल तर येत नाही असेच लिही. तुझे उत्तर आले की मी आजींना फोन करणार आहे.

तुझी,
शैला