तिला थांबू दिलंत म्हणून

प्रिय ताई,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

हे पत्र तुमच्या हातात देता आलं असतं, पण ते सगळ्यांनी वाचावं असं मला वाटतं. तुम्ही चालवता त्या चर्चच्या तरुण संघात नेमकं काय चालतं हे आपल्या मंडळीतल्या बऱ्याच आईवडिलांना माहीतच नाही. शनिवारी संध्याकाळी मुलं चर्चमध्ये जातात, गिटार वाजवतात, नाताळात घरोघरी गाणी म्हणतात, एवढंच दिसतं. माझ्या मुलीच्या बाबतीत तुम्ही जे केलंत ते असं बाहेरून दिसणारं नव्हतं.

त्या वर्षी तुमच्या शनिवारच्या वर्गातल्या सगळ्यांचं दृढीकरण, म्हणजे लहानपणी बाप्तिस्मा झालेल्यांनी आपला विश्वास स्वतः सगळ्यांपुढे कबूल करण्याचा विधी, ठरलं होतं. बिशपसाहेब येणार होते, मुंबईहून तिच्या आत्या निघाल्या होत्या, पांढरी साडी फॉल-पिको होऊन आली होती. आणि आदल्या आठवड्यात ती म्हणाली, "मी अजून तयार नाही. सगळे उभे राहणार म्हणून मी उभी राहू का?" घरात जे व्हायचं ते झालं. लोक काय म्हणतील, आजोबांना काय सांगायचं, पाळकसाहेबांना काय वाटेल.

तुम्ही ड्यूटीवरून थेट आमच्याकडे आलात. मला वाटलं, तिची समजूत काढाल. तुम्ही स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसलात आणि माझ्याशी बोललात. तुम्ही सांगितलंत, पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, खुद्द ख्रिस्त अजून मिळालेला नाही, हे त्यांच्या लक्षात यायला पुढे आठेक वर्षं गेली, आणि त्यांनी ते आपल्या साक्षीत मोकळेपणाने लिहून ठेवलं. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९००चा. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या माऊलीने मान तुकवली नाही. स्वतःला पटेपर्यंत थांबली. आपण नगरकर ही नावं अभिमानाने घेतो. "मग आपल्या पोरीला एक वर्ष द्यायला काय हरकत आहे?" असं तुम्ही विचारलंत. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाळकसाहेबांशीही तुम्हीच बोललात.

त्या वर्षात तुम्ही तिच्यामागे लागला नाहीत, तिला सोडूनही दिलं नाहीत. तिचं बायबलमधलं मार्ककृत शुभवर्तमान मी नंतर पाहिलं. समासात पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्हं, काहींपुढे तारीख, काही खोडलेली, बरीच अजून तशीच. वर्गात प्रत्येकाने अशी चिन्हं करायची आणि दर शनिवारी त्यातलं एक सगळ्यांपुढे मांडायचं, ही तुमची पद्धत. नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप ओरडून म्हणतो, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." त्या ओळीखाली तिने दोनदा रेघ ओढली आहे. येशूने त्या बापाला परत पाठवलं नाही, त्याचा मुलगा बरा केला. आधी विश्वास पक्का करून ये, असं तो म्हणाला नाही, हे तुम्ही मुलांना दाखवून दिलंत.

आजी गेल्यावर तिने तुम्हाला विचारलं होतं की एवढी प्रार्थना करूनही देवाने का ऐकलं नाही. "देवाची इच्छा" हे उत्तर आमच्या घरी येऊन गेलेल्या प्रत्येकाने दिलं होतं. तुम्ही तिच्याबरोबर ८८वं स्तोत्र वाचलंत. बाकीच्या बहुतेक विलापाच्या स्तोत्रांत शेवटाकडे कुठेतरी उजेड दिसतो. हे अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, म्हणजे असंही देवाशी बोलता येतं, एवढंच तुम्ही म्हणालात. त्या रात्री ती पुष्कळ दिवसांनी प्रार्थनेला बसली.

पाचगणीच्या शिबिराबद्दलही लिहायलाच हवं. शेवटच्या रात्री दिवे मंद करायचे, संगीत हळू वाजत ठेवायचं आणि मुलांना रडत रडत पुढे बोलवायचं, हा प्रकार मी इतर ठिकाणी पाहिला आहे. तुम्ही तो करू दिला नाहीत. "आता झोपा, ज्याला बोलायचंय त्याने सकाळी चहानंतर माझ्याकडे या," असं सांगितलंत. सकाळी थोडीच मुलं आली. पण जी आली ती आजही वर्गात आहेत. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचं मन हलवणं फार सोपं असतं, आणि म्हणूनच ते हलवताना देवाचं भय हवं, असं माझं ठाम मत झालं आहे.

आणि ते वाचन! महिन्यातून एकदा दोघादोघांनी मंडळीतल्या एखाद्या वृद्धाकडे जायचं, शास्त्र वाचून दाखवायचं, औषधं आणून द्यायची, फोटो काढायचे नाहीत. मोतीबिंदू झालेल्या एका मावशींकडे माझी मुलगी जायची. मावशींना 'उपासना संगीत' या आपल्या गीतांच्या पुस्तकातली ना. वा. टिळकांची पदं तोंडपाठ. त्या हिला शब्द सांगायच्या, चाल बसवून घ्यायच्या, अर्थ विचारायच्या. गिटारवरची हिंदी गाणी गाणारी माझी मुलगी आता पेटी शिकते आहे.

शाळेत कुणी "तुम्ही पैसे घेऊन बाटलात ना?" असं विचारलं तर चिडायचं नाही, लाजायचं नाही, आपल्या पणजोबांची खरी हकिगत सांगायची, हेही तुम्हीच शिकवलंत.

पुढच्या वर्षी ती स्वतः पाळकसाहेबांकडे गेली आणि नाव देऊन आली. आम्हाला संध्याकाळी कळलं. दृढीकरणाच्या दिवशी तिचा आवाज स्पष्ट होता. तुम्ही मागच्या बाकावर बसला होतात, रात्रपाळी करून आला होतात.

ताई, शुभवर्तमानांच्या प्रती, पेन्सिली, शिबिराला पैसे नसलेल्या मुलांचं भाडं हे सगळं तुम्ही आपल्या पगारातून करत आलात, हे मला अलीकडे कळलं. येत्या वार्षिक सभेत तरुण संघासाठी वेगळी तरतूद करावी असा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदक मिळाले आहेत. तुम्ही नको म्हणाल, म्हणून आधी विचारलं नाही.

तुमची ऋणी,
वर्गातल्या एका मुलीची आई