जयप्रकाश नगरच्या मेट्रो स्टेशनवर भेटलेल्या त्या पोरीला

बेटा,

तुझं नाव मला माहीत नाही. विचारायचं राहूनच गेलं आणि त्याची इतके महिने रुखरुख लागून राहिली की शेवटी म्हटलं लिहूनच टाकावं, नागपुरात कोणाची ना कोणाची कुठून तरी ओळख निघतेच, कोणीतरी हे तुझ्यापर्यंत पोचवेल.

तुला आठवते का बघ. नोव्हेंबरातला रविवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. जयप्रकाश नगर स्टेशनवर सरकत्या जिन्यासमोर एक म्हातारे गृहस्थ काठी धरून उभे होते, करड्या रंगाचा हाफ स्वेटर, डोक्याला मफलर. आणि त्यांच्या मागे उभी राहून एक बाई त्यांच्यावर ओरडत होती. ती बाई मी.

आधी थोडं मागचं सांगते, म्हणजे तू काय केलंस ते तुला कळेल, कारण मला खात्री आहे की तुला त्यात काही केल्यासारखं वाटलंही नसेल.

माझे बाबा 82 वर्षांचे. त्या रविवारच्या वर्षभर आधी बाथरूममध्ये घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर झाला, मग काठी आली. हाड चांगलं जुळलं, डॉक्टर म्हणाले आता चालायला हवं, जितकं बसून राहतील तितकी पायातली ताकद जाईल. पण बाबा काही घराबाहेर निघेनात. फाटकापर्यंत जायचे, पेपर घ्यायचे आणि परत. आई होती तेव्हा दर मंगळवारी दोघं टेकडी गणपतीला जायचे, येताना सीताबर्डीवरून काही ना काही घेऊन यायचे, कधी गजरा, कधी पेरू, कधी नुसतेच गप्पा मारत बसून येत. आईला जाऊन तीन वर्षं झाली. ती गेली तेव्हाच अर्धं बाहेर जाणं बंद झालं होतं, उरलेलं या पडण्यानं बंद केलं.

मी नोकरी करते. सकाळी डबे, पोळ्या, बाबांचं पाणी गरम करून ठेवायचं, औषधाच्या डबीत गोळ्या लावायच्या आणि पळायचं. दुपारी फोन करायचा. गोळी घेतली का, जेवले का, पोट साफ झालं का. हे तीन प्रश्न. रात्री आले की पुन्हा तेच तीन प्रश्न. मी हे सगळं मनापासून करत होते बेटा, टाळाटाळ म्हणून नाही. पण वर्षभर मी माझ्या बापाला या तीन प्रश्नांशिवाय चौथा प्रश्न विचारला नव्हता. हे मला तुझ्यामुळे कळलं.

तर त्या रविवारी मी हट्टानंच त्यांना बाहेर काढलं होतं. मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे म्युझियम दाखवायला. बाबा रेल्वेत होते नं, तेही नॅरोगेजलाच, गार्ड. ते म्युझियम 2002 मध्ये सुरू झालं तेव्हा बाबांच्या रिटायरमेंटला वर्षभर बाकी होतं, तेव्हा म्हणायचे रोज जे पाहतो ते तिकीट काढून काय पाहू. नंतर गेलेच नाहीत. मला वाटलं मेट्रोनं जाऊ, जयप्रकाश नगरला बसलं की थेट कडबी चौक, गाडी बदलायची गरज नाही. कागदावर किती सोपं होतं.

सरकत्या जिन्यासमोर ते थांबले. एक पाय उचलला, परत खाली ठेवला. पुन्हा उचलला. त्यांना बायफोकल चष्मा आहे, त्यातून खाली पाहिलं की पायरी धूसर दिसते, कुठली पायरी कुठे संपते तेच कळत नाही, हे मला नंतर चष्मेवाल्यानं समजावून सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की मागे लोक थांबलेत. आणि मी ओरडले, बाबा टाका नं पाय पटकन, लोक उभे आहेत मागे! दोनदा ओरडले. ते वळले आणि म्हणाले, चल घरी.

त्यांचा चेहरा मी काही विसरू शकत नाही. घरी जायचं म्हणत होते पण रागावून नाही, एखादं लहान पोर शाळेत चूक झाल्यावर जसं म्हणतं तसं.

तेव्हा तू आलीस. हातावर पांढरा एप्रन घडी करून टाकलेला, पाठीला सॅक, रविवारीही तुझी ड्युटी असेल. तू त्यांचा हात नाही धरलास. बाजूनं येऊन त्यांच्या समोर उभी राहिलीस, त्यांना तुझं तोंड दिसेल अशी, आणि हळू आवाजात म्हणालीस, आबाजी, मला या जिन्याची लय भीती वाटते, गावावरून पहिल्यांदा आले तेव्हा चप्पल अडकली होती माझी. तुम्ही लिफ्टनं चलता का, मला सोबत होईल.

मला सोबत होईल!

जो माणूस वर्षभर कोणाची सोबत घ्यायला तयार नव्हता तो काठी टेकत तुला सोबत द्यायला निघाला. मी मागून. लिफ्टमध्ये बटण त्यांनीच दाबलं.

(एक गोष्ट इथेच सांगून टाकते. नंतर आम्ही बाबांचे कान तपासले. तिथे कळलं की म्हातारपणी आधी बारीक, चढा आवाज ऐकू यायचा कमी होतो. म्हणजे मी जितकी चिरकून ओरडायचे तितकं त्यांना कमी समजायचं, आणि मला वाटायचं मुद्दाम ऐकत नाहीत. समोर उभं राहून, खालच्या आवाजात, हळू बोललं की बरंचसं समजतं. तू हे शिकून आली होतीस की तुझा स्वभावच तसा, मला माहीत नाही. घरात आता आम्ही सगळे तसंच बोलतो, आणि खरं सांगते, घरातला निम्मा आरडाओरडा थांबला.)

आमच्यापायी तुझी एक गाडी गेली. तू घड्याळ पाहिलंस ते मी पाहिलं. पण तू बाबांना काही दाखवलं नाहीस, प्लॅटफॉर्मवरच्या खुर्चीवर त्यांच्या शेजारी बसलीस आणि विचारलंस, आबाजी, तुम्ही काय काम करायचे?

बाबा म्हणाले, गार्ड होतो. इतवारी नागभीड.

बस, तिथून जे सुरू झालं बाप्पा! आपण गाडीत बसलो, अजनी गेलं, सीताबर्डी गेलं, झिरो माईल गेलं, माणूस बोलूनच राहिला. अडीच फुटांची लाईन, शंभरेक किलोमीटरला चार-पाच तास, कसा गार्डाचा डबा सगळ्यात शेवटी असायचा, हिरवी झेंडी, लाल झेंडी, रात्री कंदील. तू मधे मधे विचारत होतीस आणि प्रत्येक वेळी नवीन काहीतरी निघत होतं. गड्डीगोदामजवळ तर ते खिडकीला चिकटले. तिथे खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर आपली मेट्रो, असे चार मजले आहेत. मी तिथून खालून शंभर वेळा गेले असेन, पण बाबांनी वरून रेल्वेचे रूळ पाहिले आणि तुला म्हणाले, पाय बेटा, आपण आज रेल्वेच्या डोक्यावरून चाललो. हसले. त्यांचे दात मी किती दिवसांनी पाहिले.

आणि ती भिवापूरची मिरची. तू विचारलंस की डब्यात तुमच्यासोबत कोण असायचं, तर म्हणाले कोणी नाही, मिरचीची पोती. भिवापूरला मिरची चढायची आणि मग नागपूर येईपर्यंत शिंकाच शिंका, डोळे लाल, कपड्यात ठसका बसलेला. मी ऐकतच राहिले. माझी आई बाबांचा युनिफॉर्म आमच्या कपड्यांत कधीच भिजवायची नाही, वेगळ्या बादलीत, मागच्या अंगणात धुवायची. आम्ही भावंडं समजायचो की रेल्वेचा कपडा म्हणून मान असेल. खरं कारण मला 54व्या वर्षी मेट्रोत बसून कळलं, तेही एका अनोळखी पोरीनं विचारलं म्हणून.

मग कडबी चौक यायला आलं तेव्हा तू शेवटचं विचारलंस. आबाजी, रात्री त्या शेवटच्या डब्यात एकट्याला भीती नव्हती वाटत?

बाबा थांबले. काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात स्टेशन आलं, मी घाईघाईनं त्यांना उठवलं, दार बंद होईल म्हणून, तू आतून हात हलवला आणि गाडी इंदोऱ्याकडे निघून गेली. ना नाव विचारलं, ना नीट थँक्यू म्हटलं. बाबा प्लॅटफॉर्मवर उभे राहून गाडी वळेपर्यंत पाहत होते. गार्डाची सवय असेल, किंवा तुझ्यासाठी.

म्युझियम छान झालं, ते काही फार लांबवत नाही. जुन्या इंजिनाला हात लावून उभे राहिले, कंदिलापाशी बराच वेळ थांबले. मधे एका बाकावर बसून आम्ही घरून नेलेली पुडाची वडी खाल्ली. 2019 मध्ये नागभीडची छोटी लाईन ब्रॉडगेज करायला बंद केली तेव्हा आईला घेऊन ते इतवारीला गेले होते गाडी पाहायला, हेही तिथे बाकावर बसल्यावर सांगितलं. मला आठवतही नव्हतं.

पण त्यानंतर काय झालं ते तुला सांगायचं आहे. आम्ही दर रविवारी निघतो. दर रविवारी म्हणजे दोन-तीन चुकले असतील, एकदा बाबांना सर्दी झाली, एकदा माझा गुडघा सुजला. फार लांब नाही जात. कधी टेकडी गणपती, कधी महाराजबाग, कधी नुसतं सकाळी तर्री पोहे खाऊन परत, तर्री कमी टाकायला सांगते मी पण ते डोळ्यानं त्या पोहेवाल्याला खूण करतात. थंडीत फुटाळ्यावर गेलो होतो सूर्य बुडताना. मार्चमध्ये तर एसटीनं भिवापूरला जाऊन आलो, मिरची आणायला! 75 वर्षांवरच्यांना 2022 पासून एसटी फुकट आहे आणि आम्हा बायकांना त्याच्या पुढच्या वर्षापासून अर्धं तिकीट, तर कंडक्टरनं आधार कार्ड पाहून बाबांना शून्याचं तिकीट दिलं. ते त्यांनी खिशात जपून ठेवलं. म्हणाले, जिंदगीभर पासवर फिरलो, आताही पासवरच.

आता मी निघायच्या आधी वेळ धरते. पूर्वी मी पंधरा मिनिटांचं काम पंधरा मिनिटांत व्हावं म्हणून बाबांच्या मागे लागायचे, आता पाऊण तास धरते. चपला त्यांना स्वतःच घालायच्या असतात, वाकून, पट्टा ओढून, कुलूप दोनदा ओढून पाहायचं असतं. मी जिन्यात उभी राहते. माझाही गुडघा दुखतो, उभं राहिलं की जास्तच, मीही काही तरुण नाही राहिली आता, वाचायला चष्मा लागतो, सुईत दोरा जात नाही. माझा मुलगा पुण्याला आहे, रोज रात्री व्हिडिओ कॉल करतो, जेवली का, गुडघा कसा आहे, बस. गुणी पोरगा आहे, मी त्याला काय बोलू, मीही तेच करत होते. होळीला आला तेव्हा मात्र त्याला बाबांसोबत एकट्याला पाठवलं मेट्रोनं. परत आला आणि मला विचारलं, आई, तू लहानपणी आजोबांच्या डब्यात बसून उमरेडपर्यंत गेली होतीस आणि रडून गोंधळ घातला होतास हे खरं का? खरं आहे. मग आम्ही रात्री बारापर्यंत जागे होतो.

आता हे पत्र लिहायचं खरं कारण.

गेल्या आठवड्यात रात्री लाईट गेली. पारा 45 वर गेलेला, कूलर बंद, घरात थांबवेना म्हणून आम्ही दोघं अंगणात खुर्च्या टाकून बसलो. मी पुठ्ठ्यानं वारा घालत होते. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. आणि एकदम बाबा म्हणाले, त्या पोरीनं विचारलं होतं नं, तिले सांगाचं राहून गेलं.

मला आधी कळलंच नाही कोणती पोरगी. सहा महिने झाले होते. ते तुझा प्रश्न सहा महिने मनात धरून होते.

त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण उत्तर तुझं आहे, मी फक्त पोचवते आहे.

"भेव लागे नं. कोणाले सांगाव? तुह्या मायले सांगतलं असतं तर तिनं ड्युटीच करू देली नसती. उमरेड सुटलं का अंधार, अन् जंगल, मागच्या डब्यात मी अन् माहा कंदील. पण मंग वळण ये. वळणावर पुढचं इंजिन दिसे. ड्रायव्हर तिकडून हिरवा दिवा हालवे, म्हंजे सारं ठीक हाय. मीबी इकडून हालवो. दुसरं वळण येईपर्यंत तेवढं पुरे."

मला हे 54 वर्षांत माहीत नव्हतं बेटा. आईलाही नव्हतं.

आम्ही रविवारी सकाळी, उन्हामुळे आता जरा लवकर, साडेसातच्या सुमारास जयप्रकाश नगरला लिफ्टपाशी असतो. बाबा शेवटच्याच डब्यात बसतात. तुझी ड्युटी त्या बाजूला असली तर ये. भिवापूरची मिरची तुझ्यासाठी वेगळी काढून ठेवली आहे, पिशवीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, मेट्रोवाली पोरगी.

तुझ्या आबाजींची मुलगी
नागपूर